चिकूचा केक आणि बियांचं पुस्तक
केकसाठी चिकू पूर्ण पिकलेलाच हवा, देठाजवळ दाबला की मऊ लागणारा. कच्चट चिकूने केक तुरट होतो; मग कितीही साखर घाला, उपयोग नाही.

5-6 चिकू सोलून गर काट्याने चेचा, 1 कप व्हायला हवा. मिक्सर नको, गर पातळ होतो. त्यात 1 कप बारीक रवा, अर्धा कप दही, अर्धा कप साखर, पाव कप तेल घालून 20 मिनिटं झाकून ठेवा. रवा फुगला नाही तर केक कचकच लागतो. मिश्रण घट्ट वाटलं तर थोडं दूध. शेवटी 1 चमचा बेकिंग पावडर, पाव चमचा सोडा. लगेच 180 अंशांवर 35-40 मिनिटं. सुरी कोरडी निघाली की झालं.

तेवढ्यात मुलांना बागकामाचं चित्रपुस्तक द्या. पानं त्यांनाच उलटू द्या. बी रुजल्याचं चित्र आलं की चिकूची काळी, चकचकीत बी दाखवा, कडेची पांढरी रेघही. लहानग्यांच्या हाती मात्र देऊ नका. टोकाला आकडी असते, घशात अडकते. शिवाय ती रुजायला महिनाभर लागतो. त्यापेक्षा खिडकीच्या ग्रिलमध्ये, भोकं पाडलेल्या डब्यात मेथी पेरा. 2-3 दिवसांत कोंब.