कंपनी आणि प्रयोगशाळा यांच्यामध्ये काम करू इच्छिणाऱ्यांसाठी

नवी मुंबईतील रबाळे येथील एका रसायन कंपनीच्या संशोधन विभागात, शासकीय निधीतून संशोधन संस्थांबरोबर चालणारे प्रकल्प सांभाळण्याचे काम मी करतो. एम.एस्सी. किंवा पीएच.डी. करून येणाऱ्या नवोदितांचे विज्ञान पक्के असते. ते अडतात पैशाच्या आणि कराराच्या बाबतीत.

प्रथम निधीचे स्वरूप नीट समजून घ्यावे. बायरॅक या 2012 मध्ये स्थापन झालेल्या, जैवतंत्रज्ञान उद्योगाला साहाय्य करणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेची ‘बिग’ योजना नव्या कल्पनेसाठी 50 लाख रुपयांपर्यंत अनुदान देते, तर केंद्र सरकारचेच तंत्रज्ञान विकास मंडळ मुख्यतः अल्प व्याजाचे कर्ज देते, म्हणजे ते पैसे परत करावे लागतात. हा फरक अर्ज करण्यापूर्वीच कंपनीच्या वित्त विभागाला स्पष्ट सांगावा. अनुदान हप्त्यांनी येते आणि आधीच्या हप्त्याचे उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे ठरलेल्या कामासाठीच खर्च झाल्याचा दाखला), म्हणजे आपण ज्याला ‘यूसी’ म्हणतो ते, गेल्याशिवाय पुढचा हप्ता सहसा सुटत नाही. त्यासाठी प्रकल्पाचे बँक खाते वेगळे ठेवावे. अनुदानावर मिळालेले व्याजही शासनाचे असते, ते हिशेबात दाखवावे लागते.

खरी कसोटी मात्र कराराची. प्राध्यापकाला शोधनिबंध हवा असतो, त्याच्या विद्यार्थ्याला प्रबंध वेळेत सादर करायचा असतो आणि कंपनीला पेटंट हवे असते. तिघांच्याही गरजा रास्त आहेत. भारतीय पेटंट कायद्यात अर्जापूर्वी प्रसिद्ध झालेली माहिती, मोजके अपवाद सोडले तर, शोधाचे नावीन्य घालवते आणि मग पेटंट मिळत नाही. म्हणून निबंध पाठवण्याआधी मसुदा कंपनीला दाखवावा, कंपनीने ठरलेल्या मुदतीत उत्तर द्यावे आणि गरज असल्यास तेवढ्यात तात्पुरता पेटंट अर्ज दाखल करावा, असे कलम करारात असलेच पाहिजे. तात्पुरत्या अर्जानंतर पूर्ण विवरणपत्रासाठी, म्हणजे शोधाचे संपूर्ण वर्णन सादर करण्यासाठी, 12 महिने मिळतात. कंपनीच्या उत्तराची मुदत कलमात लिहिलेली नसेल, तर विद्यार्थ्याचा प्रबंध कंपनीच्या टेबलावर अडकून पडतो, आणि हे मला सर्वांत अन्यायकारक वाटते. प्रकल्पापूर्वी कोणाकडे कोणते ज्ञान होते, याची यादीही कराराला जोडावी. पुढचे बहुतेक वाद त्या यादीपाशीच मिटतात.

आपल्या भागात खारघरला कर्करोग संशोधनाचे अ‍ॅक्ट्रेक आहे, वाशीला विकिरण तंत्रज्ञानाचे ब्रिट आहे, आणि पवईची आयआयटी व माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्थाही दूर नाही. तेव्हा निधीच्या अर्जाचा नमुना भरण्याआधी शास्त्रज्ञांना प्रत्यक्ष भेटून त्यांच्याकडील उपकरणे, ती कोणाच्या नावावर आरक्षित असतात आणि नमुने तपासायला किती दिवस लागतात, हे पाहून यावे; अर्जातले टप्पे त्यावरूनच ठरवावेत.

प्रयोगवहीत पानोपानी तारीख आणि साक्षीदाराची सही घेण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी. पेटंट अर्जात शोधकर्ते म्हणून कोणाची नावे घालायची, असा प्रश्न दोन्ही संस्थांत उभा राहतो, तेव्हा प्रथम तीच वही मागवली जाते.