पुढच्या ब्रेकच्या डिस्क घरीच बदलल्या

आंबा घाट उतरताना ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरायचं. चाक काढून पाहिलं तर डिस्कच्या कडेला नखाला लागेल एवढी धार, पॅड जेमतेम २ मिमी उरलेले. दोन्ही बाजूंच्या डिस्क आणि पॅड एकदमच आणले.

नट जॅक लावण्याआधीच सैल केले, मागच्या चाकांना दगड लावले, गाडी स्टँडवर टेकवली. नुसत्या जॅकच्या भरवशावर हात आत घालू नका, कृपा करून. कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा भाग, तारेने टांगला. होजवर, म्हणजे त्याला आलेल्या ब्रेक ऑइलच्या नळीवर, भार नको.

डिस्क मात्र गंजून हबला (ती ज्यावर बसते त्या चाकाच्या मधल्या भागाला) अशी चिकटली होती की हलेना. माझ्या डिस्कला आटे असलेली दोन भोकं आहेत. त्यांत ८ मिमीचे बोल्ट आलटून पालटून पिळले आणि 'टक्' करून ती सुटली. मग हब तारेच्या ब्रशने चकचकीत होईपर्यंत घासला. खरं काम हेच. खाली गंजाचा पापुद्रा राहिला तर नवी डिस्कही थरथरते. नव्या डिस्कवरचं तेल ब्रेक क्लीनरने पुसलं, कॅलिपरमधला पिस्टन सी-क्लॅम्पने हळूहळू आत ढकलला.

निघण्याआधी पेडल कडक लागेपर्यंत पंप केलं. पहिले २०० किलोमीटर जोरात ब्रेक मारला नाही. परवा तोच घाट उतरलो, स्टिअरिंग एकदम स्थिर.