क्रोशाचा चौकोन त्रिकोण होत असेल तर

नवशिक्यांचा रुमाल पहिल्या चार ओळी सरळ येतो आणि मग हळूहळू निमुळता होत जातो. माझ्या भाचीचा तर समोसाच झाला होता. ओळीतला शेवटचा खांब (सुईवर एक वेढा घेऊन विणलेला उंच टाका) दरवेळी सुटतो, कारण उलटताना घातलेल्या 3 साखळ्या हाही एक खांबच असतो, पण तो खांबासारखा दिसत नाही.

उपाय दोन रुपयांचाही नाही.

1. भरतकामाच्या गुळगुळीत दोऱ्याचे, लोकरीपेक्षा वेगळ्या रंगाचे, बोटभर तुकडे कापून ठेवा.
2. ओळ संपल्यावर काम उलटवा, 3 साखळ्या घाला आणि लगेच तिसऱ्या साखळीत एक तुकडा ओवून ठेवा. गाठ नको.
3. पुढचा खांब त्या 3 साखळ्यांच्या बुडाच्या टाक्यात नाही, त्याच्या शेजारच्या टाक्यात.
4. परत येताना शेवटचा खांब त्या रंगीत दोऱ्याच्या साखळीतच घाला आणि तुकडा ओढून काढा.

शिकवताना 22 साखळ्यांवर 20 खांबांची पट्टी द्या. सुईपासून चौथ्या साखळीत पहिला खांब घाला; सुटलेल्या 3 साखळ्या हा एक खांब धरून 20 होतात. मोजायला सोपी, उसवली तरी जीव जळत नाही. आणि लोकर फिकट रंगाची घ्या, काळ्या लोकरीत माझेच डोळे फसतात.

सेफ्टी पिन मात्र लावू नका. तिच्या गोल वेटोळ्यात लोकरीचे धागे अडकतात आणि टाका ओढला जातो. फिकट लोकरीत गडद लाल तुकडाही नको. घामट हाताने रंग उतरू शकतो.