कोंडा-पेंडीत फॉस्फरस घालताना

बडोद्याशेजारच्या पादरा गावाजवळ तळं घेतलेला, बडोद्याच्या दांडिया बाजारातला आमचा एक मित्र रोहू-कटल्याला नुसता कोंडा आणि शेंगदाण्याची पेंड घालत होता. मासे खात, पण अंग धरत नव्हते. कॅल्शियम कमी पडलं असेल म्हणून त्याने चुना आणला. चुन्याने पाण्याचा सामू सुधारतो, ते वेगळं. कॅल्शियम मासा कल्ल्यांवाटे पाण्यातूनच ओढतो. फॉस्फरस मात्र पाण्यात नगण्य, तो खाद्यातूनच मिळायला हवा. कोंड्यात तो असतो, पण बहुतांश फायटेट नावाच्या वनस्पतीतल्या संयुगात अडकलेला. माशाला तो सुटत नाही.

दुकानदार गुरांची डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट) पुढे करेल. घेऊ नका. ती विरघळायला जठरातलं आम्ल लागतं; रोहू-कटल्यासारख्या कार्प जातीच्या माशाला जठरच नसतं, आम्ल कुठून येणार? डीसीपीतला निम्म्याहून कमी फॉस्फरस त्याच्या अंगी लागतो, मोनोकॅल्शियम फॉस्फेटमधला 90 टक्क्यांच्या वर.

10 किलो खाद्याला 100 ग्रॅम मोनोकॅल्शियम फॉस्फेट पुरे. ते पाण्यात लगेच विरघळतं, म्हणून कोरडं भुरभुरू नका. खाद्यासकट पेजेत कालवून घट्ट गोळे करा, ट्रेमध्ये ठेवून तळ्यात सोडा. दोन तासांनी ट्रे वर काढा. गोळे उरले असतील तर दुसऱ्या दिवशी खाद्य कमी करा, नाहीतर तोच फॉस्फरस शेवाळाला जातो, वाढलेलं शेवाळ रात्री पाण्यातला ऑक्सिजन ओढतं, आणि मग पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड वासून दिसतात.