दुसऱ्याचा कोड समजून घेताना क्लास डायग्राम

टीममध्ये नवीन आलेल्यांना मी सुरुवातीलाच एक काम देतो. व्हीएस कोड या एडिटरमध्ये प्लांटयूएमएलचं (मजकुरावरून डायग्राम काढणारं टूल) एक्स्टेंशन टाका आणि आठ-दहा क्लासेसचा डायग्राम, म्हणजे कोणता क्लास कोणाशी जोडलाय ते दाखवणारं चित्र, स्वतः टाइप करून काढा. एका क्लिकमध्ये अख्ख्या प्रोजेक्टचा डायग्राम काढणारी टूल्सही आहेत, पण शे-दोनशे चौकोन आणि त्यांच्यातलं रेघांचं जंजाळ बघून कुणाच्या डोक्यात काही शिरलंय, असं मी तरी पाहिलेलं नाही.

इन्स्टॉल करताना लोक अडतात ते एकाच जागी. एक्स्टेंशन टाकून भागत नाही, मशीनवर जावा लागते आणि क्लास डायग्रामसाठी चौकोन-रेघांची मांडणी करणारं ग्राफविझही. ऑफिसच्या लॅपटॉपवर ग्राफविझ टाकायची परवानगी नसेल तर प्लांटयूएमएलच्या आतच स्मेताना नावाचं लेआउट इंजिन आहे, फाइलमध्ये एक ओळ लिहिली की ते वापरता येतं. सेटिंगमध्ये सर्व्हरवर रेंडर करायचाही पर्याय दिसेल. सार्वजनिक सर्व्हर निवडलात तर डायग्रामचा मजकूर बाहेर जातो, म्हणून क्लायंटच्या कोडसाठी तो पर्याय नकोच. एवढं झालं की आल्ट आणि डी दाबा, शेजारी प्रीव्ह्यू उघडतो आणि टाइप कराल तसा बदलतो.

सरावासाठी स्प्रिंग पेटक्लिनिक घ्या. पाळीव प्राण्यांच्या दवाखान्याचा हा नमुना प्रोजेक्ट गिटहबवर खुला आहे आणि त्यातले एंटिटी क्लासेस (डेटाबेसमध्ये साठवायच्या माहितीचे क्लासेस) एका बैठकीत वाचून होतात. पहिल्या ओळी अशा (त्रिकोणी टोकाचा बाण म्हणजे डावा क्लास उजव्याचा वारस, साधा बाण म्हणजे डावा उजव्याला वापरतो):

ओनर --|> पर्सन
व्हेट --|> पर्सन
पर्सन --|> बेसएंटिटी
ओनर --> पेट
पेट --> व्हिजिट

पुष्कळ ठिकाणी बाण उलटा, म्हणजे पालक क्लास आधी, असा लिहिलेला सापडेल. दोन्ही चालतात, पण वरची पद्धत जावातल्या एक्सटेंड्सच्या क्रमाने वाचता येते. इंटरफेस असेल तर तुटक रेघ, ..|> अशी. भरलेला हिरा की पोकळ हिरा, म्हणजे कंपोझिशन की अ‍ॅग्रिगेशन, यावर इंटरव्ह्यूत प्रश्न येतात, तेव्हा फरक माहीत असू द्या. कोड समजून घेताना मात्र मी साधा बाण काढतो आणि पुढे जातो.

आता खरी गंमत. व्हेटकडून स्पेशालिटीकडे बाण जातो, पेटकडून व्हिजिटकडे जातो, पण व्हिजिट आणि व्हेट यांना जोडणारी रेघच नाही! प्राणी दवाखान्यात कधी आला याची नोंद आहे, त्याला कोणत्या डॉक्टरने तपासलं याची नाही. फाइलमागून फाइल वाचताना हे सहज निसटतं, कारण नसलेली गोष्ट कोडमध्ये दिसत नाही. 'प्रत्येक डॉक्टरने किती केसेस पाहिल्या, त्याचा रिपोर्ट हवा' असं उद्या कुणी म्हणालं, तर काम फक्त स्क्रीनचं नाही, टेबलही बदलावं लागणार, हे तुम्ही तिथल्या तिथे सांगू शकता.

डायग्रामला न दिसणाऱ्याही गोष्टी असतात. याच प्रोजेक्टमध्ये ओनररिपॉझिटरी हा डेटाबेसमधून ओनर आणणारा इंटरफेस आहे आणि तो इम्प्लिमेंट करणारा क्लास शोधत बसलात तर सोर्समध्ये सापडणार नाही. तो स्प्रिंग डेटा ही लायब्ररी रनटाइमला, म्हणजे प्रोग्राम चालू असताना, तयार करते. अशा वेळी ब्रेकपॉइंट लावून (कोड मध्येच थांबवून) कॉल स्टॅक, म्हणजे कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं ती यादी, बघणंच बरं.

पायथॉनवाल्यांनी पायलिंट या कोड तपासणाऱ्या टूलबरोबर येणारं पायरिव्हर्स वापरून पाहावं. ते कोडवरून थेट प्लांटयूएमएलची किंवा मर्मेडची (मजकुरावरून डायग्राम काढणारं असंच दुसरं टूल) फाइल काढून देतं. मग नको त्या ओळी उडवत बसायचं, आणि काय उडवायचं हे ठरवतानाच कोड वाचून होतो.

डायग्राम रिपॉझिटरीत ठेवायचा असेल तर पीएनजी नको, मजकुराची फाइल ठेवा. रिव्ह्यूमध्ये कोणता बाण बदलला ते डिफमध्ये (जुन्या-नव्या फाइलमधला फरक) दिसतं. टीम गिटहबवर असेल तर तोच डायग्राम मर्मेडमध्ये लिहून रीडमीत टाका. 2022 पासून गिटहब तो पानावरच चित्र म्हणून दाखवतं, वाचणाऱ्याला काहीही इन्स्टॉल करावं लागत नाही.