मागचे स्पीकर मुके राहू नयेत म्हणून

चतुर्थीच्या आदल्या रात्री, घर पाहुण्यांनी भरल्यावर साउंडबार किंवा होम थिएटर टीव्हीला जोडून मागच्या स्पीकरमधून सराउंड आवाज काढायचं काम काढू नका. चार-आठ दिवस आधी करा. केबल, सेल, एक्स्टेंशन बोर्ड हे सांगायला नको. सांगायचं ते एवढंच, की टीव्हीचा डिजिटल ऑडिओ आउटपुट पीसीएमवरून (म्हणजे आधीच उलगडलेला, साधा डिजिटल आवाज) काढा. स्टिकचा (टीव्हीला लावून सिनेमे पाहायची फायर टीव्हीसारखी काडी) नव्हे, टीव्हीचा. गेल्या खेपेला स्टिकमधलं सगळं तीन-तीनदा तपासलं आणि इथे ढुंकून पाहिलं नाही. पाचही दिवस मागचे स्पीकर नुसते शोभेला.

टीव्हीचा आवाज साउंडबारकडे नेणारी वाट एआरसी (एचडीएमआयच्या वायरीतूनच आवाज परत पाठवायची सोय) असो वा ऑप्टिकल (प्रकाशाने आवाज नेणारी वायर), त्यातून पीसीएम जातं ते दोनच चॅनलचं. स्टिकवर काहीही निवडलंत तरी टीव्ही मध्ये बसून डॉल्बी (अनेक चॅनलचा आवाज दाबून पाठवायची पद्धत) उलगडतो, त्याचं स्टिरिओ करतो आणि तेच साउंडबारकडे ढकलतो. आवाज स्वच्छ येतो, म्हणून तर चूक सापडत नाही. सॅमसंगमध्ये एक्स्पर्ट सेटिंग्जखाली ‘डिजिटल आउटपुट ऑडिओ फॉरमॅट’, एलजीत ‘डिजिटल साउंड आउटपुट’, सोनीत ‘डिजिटल ऑडिओ आउट’ अशी याची नावं. तिथे ‘ऑटो’ किंवा ‘पास थ्रू’ ठेवा. काही टीव्हींत आवाज टीव्हीच्या स्वतःच्या स्पीकरवर असला की ही ओळ करड्या रंगात जाते आणि हातच लावू देत नाही. आधी साउंड आउट एआरसीवर घ्या, मग परत मेनूत जा.

आता जोडणी. टीव्हीला एचडीएमआयची भोकं तीन-चार असली तरी एआरसीचं एकच असतं आणि त्यावर तसं लिहिलेलं असतं. साउंडबारची वायर त्यातच. सीईसी (एचडीएमआयने जोडलेल्या यंत्रांनी एकमेकांना हुकूम द्यायची सोय) चालू असावं लागतं. सॅमसंग त्याला एनीनेट प्लस म्हणतो, एलजी सिमलिंक, सोनी ब्राव्हिया सिंक. तुमच्याकडे एव्ही रिसीव्हर (सगळे स्पीकर ज्याला जोडतात तो डबा) असेल आणि त्याला एचडीएमआय इनपुट मोकळा असेल, तर स्टिक सरळ त्यातच लावा. मग स्टिकपुरता तरी टीव्हीचा त्रास सुटतो. टीव्हीतल्या अ‍ॅपवर काही पाहिलंत की मात्र पुन्हा तोच पीसीएमचा प्रश्न, हे विसरू नका.

स्टिकवर काय निवडायचं ते वायरीवर ठरतं. फायर टीव्हीत डिस्प्ले अँड साउंड्स, ऑडिओ, सराउंड साउंड इथे जा. एआरसी किंवा ईएआरसीवर (एआरसीचीच नवी आवृत्ती) नवा साउंडबार असेल तर ‘बेस्ट अव्हेलेबल’ पुरे. मुंबईहून गावी आणून टाकलेला जुना होम थिएटर ऑप्टिकलवर असेल तर ‘डॉल्बी डिजिटल’च घ्या. डॉल्बी डिजिटल प्लस ऑप्टिकलमधून जात नाही. टीव्हीने ते बदलून दिलं तर ठीक, नाहीतर चित्र चालू आणि आवाज गप्प. गूगल टीव्हीत अ‍ॅडव्हान्स्ड साउंड सेटिंग्जमध्ये फॉरमॅट ‘ऑटोमॅटिक’ ठेवा, अडलं तरच ‘मॅन्युअल’. अ‍ॅपल टीव्हीचा स्वभाव वेगळा. तो आवाज स्वतः उलगडून बहुचॅनल पीसीएम पाठवतो आणि साधा एआरसी ते नेत नाही. तिथे ‘चेंज फॉरमॅट’ चालू करून ‘डॉल्बी डिजिटल 5.1’ (5.1 म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर) निवडा. आणि टीव्ही पीसीएमवर नाही ना, हे इथेही पाहा. पाहिलंत म्हणता? बाहेर येऊन पुन्हा आत जाऊन पाहा. बदल केल्यावर स्टिक रिस्टार्ट करा, कारण काय चालेल हे ती बऱ्याचदा सुरू होतानाच विचारून घेते.

तपासणी कानाने करू नका. रिसीव्हरमध्ये अपमिक्स (दोन चॅनलचा आवाज सगळ्या स्पीकरांत पसरवणं) चालू असला की साधा स्टिरिओही मागच्या स्पीकरमधून वाजतो आणि माणूस खूश होतो. रिसीव्हरच्या पट्टीवर किंवा साउंडबारच्या इन्फो बटणावर काय येतं ते वाचा. ‘डॉल्बी डिजिटल’ किंवा ‘डीडी प्लस’ हवं. ‘पीसीएम 2.0’ दिसलं तर कुठे जायचं ते आता सांगायला नको. यूट्यूबवरच्या ‘5.1 टेस्ट’वर विसंबू नका, त्या बऱ्याचदा दोन चॅनलमध्येच वाजतात. ज्याच्या माहितीत 5.1 लिहिलंय असा सिनेमा लावा आणि भाषेची यादीही उघडा. एकाच सिनेमाला इंग्रजी 5.1 आणि हिंदी किंवा मराठी नुसता स्टिरिओ, असं सर्रास असतं. त्यात सेटिंगचा दोष नाही.

अ‍ॅटमॉससाठी (डोक्यावरूनही आवाज आणणारं डॉल्बी) वर तोंड केलेले स्पीकर घेणार असाल तर आधी मान वर करून पाहा. त्यांचा आवाज सपाट, कडक छतावर आपटून खाली यायचा असतो. उतरत्या कौलांखाली, वाशा-रिपांमध्ये तो कुठल्या कुठे जातो. स्लॅबचं घर असेल तरच पैसे घाला. मागचे दोन स्पीकर बसायच्या जागेच्या बाजूला, जरा मागे, कानापेक्षा थोडे वर. जांभ्याच्या भिंतीत ड्रिल मारलं की भुगा पडतो आणि प्लग सैल बसतो, स्टँड बरा.

पत्र्यावर पाऊस कोसळत असताना संवाद ऐकू येत नाहीत, तेव्हा सेंटर (संवादांचा मधला स्पीकर) दोन-तीन डेसिबल वाढवा, सगळा आवाज नको. ओठ आणि शब्द मागेपुढे झाले तर ‘एव्ही सिंक’ची सेटिंग हलवा.

वीज जाऊन आली की आधी साउंडबार, मग टीव्ही, शेवटी स्टिक. विजा चमकायला लागल्या की प्लग काढा, डिशची आणि नेटची वायरही. खाऱ्या हवेने एचडीएमआयच्या टोकाला हिरवट थर धरला असेल तर केबल बदला, घासत बसू नका. घर बंद करून जाताना स्टिक आणि रिमोट डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत, रिमोटचे सेल वेगळे.

आणि टीव्ही फॅक्टरी रिसेट केलात, किंवा पोरांनी केला, तर डिजिटल ऑडिओ आउटपुट परत बघा. पीसीएमवर गेला असेल.