महिन्याला फी घेणारं, विम्यासकट बँकखातं: ठेवायचं की सोडायचं?

इंग्लंडमध्ये नवीन आलेल्या आपल्या मंडळींचा मला नेहमी येणारा प्रश्न म्हणजे, बँकेचं साधं फुकट खातं बरं, की दरमहा पैसे भरून प्रवासविमा, मोबाइलचा विमा आणि गाडी बंद पडली तर मदत असं एकत्र देणारं? नेशनवाइडचं फ्लेक्सप्लस हे त्यातलं ओळखीचं नाव. डिसेंबर २०२४ मध्ये त्याची फी महिन्याला १३ पौंडांवरून १८ झाली, म्हणजे वर्षाला २१६ पौंड. इतर मोठ्या बँकांचीही अशी पॅकेजं आहेत.

बहुतेक जण तिन्ही विमे सुटे घेतले तर किती पडतील ते बघतात, बेरीज २१६च्या वर गेली की खूश होतात आणि खातं उघडतात. माझं कळकळीचं सांगणं आहे की किंमत नंतर बघा. आधी बघा, उद्या क्लेम करायची वेळ आली तर तो आपल्याला मिळेल का. न मिळणारा विमा कितीही स्वस्त असला तरी त्याचे पैसे वायाच.

माझी मावसबहीण रीडिंगला असते. नवरा-बायको, दोन मुलं, आणि असंच एक खातं. उन्हाळ्याच्या सुट्टीत ते सगळे सहा आठवडे सांगलीला जाणार होते. मी तिला पॉलिसी उघडून ‘एका प्रवासाची कमाल मुदत’ ही ओळ शोधायला लावली. ३१ दिवस. बऱ्याच पॅकेजांत हीच मर्यादा असते, आणि जाण्या-येण्याची तिकिटंच त्याहून लांबची असतील तर अनेक पॉलिसी पहिल्या दिवसापासून हात वर करतात. ‘३१ दिवस तरी भरून मिळतील’ असं धरून चालू नका. मुदत बहुधा वाढवून मिळते, पण जादा पैसे भरून आणि निघायच्या आधी.

मग तिच्या नवऱ्याची रक्तदाबाची गोळी. ‘एकच तर गोळी आहे, सांगायचं काय त्यात’ असं म्हणून चालत नाही. आधीपासूनचा आजार कळवला नसेल तर नेमक्या त्याच कारणानं हॉस्पिटलात जावं लागल्यावर क्लेम अडतो. कळवल्यावर वेगळी रक्कम मागतात. तीही २१६मध्ये धरायची. वयाची अट बघा, अनेक ठिकाणी सत्तरीनंतर जादा आकार लागतो. बऱ्याच पॉलिसींना तुम्ही ब्रिटनचे रहिवासी आणि इथल्या जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, नोंदलेले असावे लागता. म्हणूनच भारतातून भेटीला येणारे आई-बाबा तुमच्या खात्याच्या ‘फॅमिली’ विम्यात बसत नाहीत. त्यांच्यासाठी वेगळा व्हिजिटर विमा घ्याच. इंग्लंडमध्ये पाहुण्यांना दवाखान्यात दाखल करावं लागलं तर एनएचएस, म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा, सर्वसाधारणपणे दीडपट दरानं बिल लावते.

एवढं सगळं कुठे वाचायचं? प्रत्येक विम्याबरोबर एक छोटा माहितीपत्रक-कागद येतो, काय मिळतं आणि काय मिळत नाही एवढंच सांगणारा. तो आधी वाचा, मग अडेल तिथे मोठी पॉलिसी उघडा.

आता पैशांचा हिशोब. नियम एकच: जो विमा तुम्ही एरवी स्वतःहून विकत घेतला असता, त्याचीच किंमत धरायची. बहिणीची गाडी नवीन, गाडीच्या कंपनीची रस्त्यावरची मदत तिला अजून लागू. म्हणजे ब्रेकडाउनचे शून्य. फोन दोघांचेही जुने, आणि क्लेममध्ये आधी आपल्या खिशातून जाणारी रक्कम, म्हणजे एक्सेस, भरल्यावर हातात फारसं उरलं नसतं. तेही शून्य. राहिला प्रवासविमा, तोही मुदतवाढ आणि रक्तदाबाचे पैसे वर भरून. तिला सहा आठवड्यांची वेगळी पॉलिसी स्वस्त पडली.

आमच्या घरी मात्र हे खातं आहे आणि राहणार आहे. दोन जुन्या गाड्या, दोन मुलींचे फोन, नाताळात तीन आठवडे पुणे, मध्ये कधी युरोप. शिवाय आमचं जॉइंट खातं आहे, एकाच फीत दोघंही येतो. नवरा-बायकोनं वेगवेगळं पॅकेज घेऊन दुप्पट फी भरणं मला अजिबात पटत नाही. ब्रेकडाउन कव्हर माणसाचं आहे की गाडीचं, हेही विचारून घ्या. दोन गाड्यांच्या घरात त्यानं मोठा फरक पडतो. परदेशात कार्डावर शुल्क नाही, एवढ्यावर भाळू नका. ती सोय स्टार्लिंग, मोंझोसारख्या फुकट खात्यांतही आहे.

सोडायचं ठरलं तर खातं बंद करायची गरज नसते. त्याच बँकेचं साधं खातं करून मागा. फक्त तारीख सांभाळा. पॅकेज संपलं की त्यातला विमाही संपतो, आणि तिकिटं आधीच काढलेली असतील तर रद्द करावी लागल्यास मिळणारी भरपाईही जाते. म्हणून नवी पॉलिसी आधी घ्या, आणि ती प्रवासाच्या दिवसापासून नाही, घेतल्या दिवसापासून सुरू करा.

३१ मार्च २०१३ पासून बँकांना असं खातं विकताना ग्राहक त्यातल्या प्रत्येक विम्याला पात्र आहे का ते तपासावं लागतं, आणि वर्षातून एकदा पात्रतेची आठवण करून देणारं पत्रही पाठवावं लागतं. ते पत्र कचऱ्यात टाकू नका, वय किंवा आजार बदललेला असेल तर त्याच दिवशी हिशोब पुन्हा मांडा. चालवता येत नसताना गाडीचं कव्हर गळ्यात मारलंय असं दिसलं, तर आधी बँकेकडे लेखी तक्रार करा. आठ आठवड्यांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर बँकांविरुद्धच्या तक्रारी सोडवणाऱ्या फायनान्शियल ओम्बुड्समनकडे जाता येतं, तेही फुकट. मात्र बँकेचं अंतिम उत्तर आल्यापासून सहा महिन्यांच्या आत.